अर्धवट काढलेलं सिंक सॉफ्टवेअर: एका डेस्कटॉपचं प्रकरण

हा डेस्कटॉप एका संपादिकेचा. त्यावर विंडोज ११ होतं. २५६ जीबीची एसएसडी 'सी' ड्राइव्ह म्हणून आणि जुना साठा ठेवायला १ टीबीची हार्ड डिस्क 'डी' म्हणून. ज्या संस्थेसाठी त्या वर्षानुवर्षं काम करत होत्या तिथला करार संपला होता आणि संस्थेनं दिलेलं क्लाउड खातं महिनाअखेरीस बंद व्हायचं होतं. खातंच जाणार, तर त्याचं सिंक सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकावरच्या आणि क्लाउडवरच्या फाइल्स सारख्या ठेवणारा प्रोग्राम, कशाला ठेवायचं, असा सरळ विचार करून त्यांनी सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जाऊन ते अनइन्स्टॉल केलं. यात चुकीचं असं काहीच नव्हतं. कुठलाही दुसरा प्रोग्राम आपण असाच काढतो.

संगणक पुन्हा सुरू केल्यावर डेस्कटॉपवरच्या सगळ्या फाइल्स दिसत होत्या, पण त्यातल्या बऱ्याचशा उघडत नव्हत्या. क्लिक केलं की फाइल पुरवणारा क्लाउड प्रोग्राम चालू नसल्याचा संदेश यायचा, सोबत ०एक्स८००७०१६ए हा कोड. फाइल एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीत त्या सॉफ्टवेअरचं नाव आणि चिन्ह तसंच होतं. लॉगिन केल्यावर एक काळी खिडकी क्षणभर उघडून बंद होत होती. सॉफ्टवेअर गेलं होतं, पण त्यानं संगणकात केलेली व्यवस्था जागच्या जागी होती.

हात लावण्याआधी मी त्यांना एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, उघडत नव्हत्या त्यातल्या काही फाइल्स तुम्ही डिलीट केल्यात का?"

"केल्या ना. खराब झाल्यात असं वाटलं. रीसायकल बिनसुद्धा रिकामं केलं."

पुढची सगळी पावलं या उत्तरावरून ठरली.

फाइल दिसते, पण असते का?

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून विंडोजमध्ये एक सोय आहे. सिंक सॉफ्टवेअर फाइलचं फक्त नाव, तारीख आणि आकार डिस्कवर ठेवू शकतं आणि आतला मजकूर सर्व्हरवरच राहू देतं. फाइलवर क्लिक केलं की विंडोज त्या सॉफ्टवेअरला मजकूर आणायला सांगतं. वाचनालयात पुस्तकाच्या जागी कार्ड खोचून ठेवावं तसं हे आहे: पुस्तक कुठलं ते कळतं, वाचता मात्र येत नाही. लहान एसएसडीवर जागा वाचते म्हणून ही सोय लोकांना आवडते आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती इन्स्टॉल केल्यापासूनच चालू असते. सॉफ्टवेअर काढलं की मजकूर आणणारं कुणी उरत नाही आणि डिस्कवर नुसती नावं राहतात.

किती फाइल्स खऱ्या आणि किती नुसती नावं, हे कळायला वेगळं साधन लागत नाही. फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायच्या. तिथे एकाखाली एक दोन आकडे असतात: 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क'. पहिला आकडा फाइल्स पूर्ण असत्या तर किती भरल्या असत्या तो, दुसरा प्रत्यक्षात डिस्कवर किती जागा गेली आहे तो. इथे पहिला ३८ जीबी होता आणि दुसरा जेमतेम ९ जीबी. म्हणजे तीन चतुर्थांश काम या संगणकावर नव्हतंच. सॉफ्टवेअर काढण्याआधी प्रत्येकानं बघायला हवी अशी एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी हे दोन आकडे सांगेन.

दुसरी तपासणी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांची. त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' नावाचा टॅब असतो. इथे दोन्हींचा पत्ता सिंक फोल्डरच्या आतला निघाला. इन्स्टॉल करताना 'तुमच्या महत्त्वाच्या फोल्डरांचा बॅकअप घेऊ का' असं सॉफ्टवेअर विचारतं आणि आपण हो म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हेच घडतं. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत निघेल अशी आपली समजूत असते, प्रत्यक्षात मूळ फोल्डरच उचलून सिंक फोल्डरमध्ये नेला जातो. मॅडमनी हा प्रश्न कधी पाहिल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. आठवण्याचं कारणही नाही, तो इन्स्टॉलेशनच्या गडबडीत एका निळ्या बटणावर येऊन जातो.

तिसरी तपासणी ब्राउझरमधून. खातं अजून चालू होतं, त्यामुळे वेबवर लॉगिन करून पाहता आलं. फाइल्स जागेवर होत्या. तिथली कचरापेटीही पाहिली आणि तिच्यात मॅडमनी डिलीट केलेली एकही फाइल नव्हती. ही सगळ्यात चांगली बातमी होती. डिलीट केलं तेव्हा प्रोग्राम काढून झालेला असल्यामुळे ती खबर सर्व्हरपर्यंत पोहोचली नव्हती. प्रोग्राम चालू असताना हेच झालं असतं तर त्या फाइल्स सर्व्हरवरूनही गेल्या असत्या आणि मग कचरापेटीच्या मुदतीवर सगळं अवलंबून राहिलं असतं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, वनड्राइव्हच्या संस्थात्मक खात्यात मूळ मुदत ९३ दिवसांची आहे. पण खातंच महिनाअखेरीस बंद होणार असेल तर या मुदतींना काही अर्थ नाही.

परत इन्स्टॉल का करायचं, आणि कसं करायचं नाही

अर्धवट काढलेलं सिंक सॉफ्टवेअर नीट काढायचं असेल तर आधी ते परत बसवावं लागतं. ऐकायला उलटं वाटतं, पण नुसती नावं उरलेल्या फाइल्सचा मजकूर फक्त तेच सॉफ्टवेअर आणू शकतं. ब्राउझरमधून झिप करून उतरवण्याचा मार्ग असतो, आणि थोड्या फाइल्स असतील तर तोच बरा. ३८ जीबीच्या साठ्यात मात्र झिप मध्येच तुटते, मग कुठपर्यंत आलं आणि काय राहिलं याचा हिशेब लागत नाही.

परत बसवण्यात एक धोका आहे आणि तो समजायला सिंक कसं चालतं ते जरा पाहायला हवं. असं सॉफ्टवेअर तीन नोंदी सांभाळतं: संगणकावर आत्ता काय आहे, सर्व्हरवर आत्ता काय आहे, आणि शेवटचा मेळ बसला तेव्हा काय होतं. तिसऱ्या नोंदीशिवाय काम चालत नाही. समजा एक फाइल सर्व्हरवर आहे आणि संगणकावर नाही. ती सर्व्हरवर नव्यानं आली आहे का, की इथून कुणी पुसली आहे? पहिलं खरं असेल तर ती उतरवायची, दुसरं खरं असेल तर सर्व्हरवरूनही पुसायची. दोन्ही कृती एकमेकींच्या अगदी विरुद्ध, आणि निर्णय होतो तो तिसऱ्या नोंदीवरून: ती फाइल मागच्या मेळात होती का?

ही तिसरी नोंद एका डेटाबेसमध्ये असते आणि तो सहसा यूजर्समधल्या ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात राहतो. अनइन्स्टॉल केल्यावर तो मागे राहणं अगदी नेहमीचं आहे, इथेही राहिला होता. आता मॅडमनी डिलीट केलेल्या फाइल्सचा विचार करा. त्या डेटाबेसमध्ये आहेत, सर्व्हरवर आहेत, संगणकावर नाहीत. जुनाच डेटाबेस आणि जुनाच फोल्डर घेऊन प्रोग्राम सुरू झाला, तर त्याच्या हिशेबानं या फाइल्स मालकिणीनं मुद्दाम काढल्या आहेत. तो आज्ञाधारकपणे त्या सर्व्हरवरूनही काढेल. काही सॉफ्टवेअर नव्यानं लॉगिन केल्यावर जुनी नोंद टाकून देतात. पण दुसरी प्रत नसताना असल्या चांगुलपणावर विसंबायचं नसतं.

म्हणून क्रम असा ठेवला. आधी डिस्कवर खरोखर असलेला ९ जीबी मजकूर 'डी'वर एका साध्या फोल्डरमध्ये कॉपी केला. त्यासाठी विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही कमांड वापरली, कारण ती अडलेल्या फाइल्सची यादी लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहून ठेवू शकते. तिला एक गोष्ट सांगावी लागते: वाचता न आलेल्या फाइलवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नकोस. नुसती सोडली तर ती एकेका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. प्रयत्नांचा 'आर' हा पर्याय शून्य केला की ती अडलेली फाइल नोंदवून पुढे सरकते. आलेला लॉग म्हणजे नुसतं नाव उरलेल्या फाइल्सची आयती यादीच होती. ती जपून ठेवली, पुढे पडताळणीला उपयोगी पडली.

मग डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांचे पत्ते 'लोकेशन' टॅबमधल्या 'रिस्टोर डिफॉल्ट'नं मूळ जागी आणले. विंडोज विचारतं, जुन्या जागेच्या सगळ्या फाइल्स नव्या जागी हलवू का? इथे 'नाही' म्हणायचं. नुसती नावं हलवायला गेलं की तोच कोड परत येतो आणि फोल्डर अर्धा इकडे, अर्धा तिकडे अशी अवस्था होते. डेस्कटॉप एकदम रिकामा झाल्यावर मॅडम धास्तावल्या. ते साहजिक होतं. 'डी'वरची प्रत उघडून दाखवली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

शेवटी जुना सिंक फोल्डर आणि ॲपडेटामधला जुना डेटाबेस यांची नावं बदलली. पुसलं काहीच नाही. नाव बदललं की प्रोग्रामला ते सापडत नाही आणि आपल्याला गरज पडली तर हाताशी राहतं.

उतरवणं आणि खात्री

त्यानंतर तेच सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरून घेऊन बसवलं. सिंकसाठी 'डी'वर एक नवा, पूर्ण रिकामा फोल्डर दिला. डेस्कटॉपच्या बॅकअपला 'नाही' म्हटलं आणि सगळ्या फाइल्स कायम याच संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडला. आधीची कुठलीच नोंद नसल्यामुळे प्रोग्रामला पुसण्याजोगं काही सापडणार नव्हतं, त्याला फक्त उतरवायचं होतं. रात्रभर तो चालत राहिला.

सकाळी चिन्ह हिरवं होतं. हिरवं चिन्ह मी पुरावा मानत नाही. दोन आकडे पाहिले: साइज आणि साइज ऑन डिस्क आता जवळजवळ सारखे होते. मग इंटरनेटची केबल काढली आणि रोबोकॉपीच्या लॉगमधल्या, म्हणजे आधी न उघडणाऱ्या फाइल्स एकेक करून उघडून पाहिल्या. जुन्यात जुन्या वर्षाच्या, मोठ्यात मोठ्या, खोल फोल्डरात दडलेल्या. नेट नसताना फाइल उघडली म्हणजे ती खरोखर तुमच्याकडे आहे.

यात एक गोम निघाली. काही फाइल्स जेमतेम १ केबीच्या होत्या आणि उघडल्यावर ब्राउझर सुरू होऊन 'जोडणी नाही' असं दिसत होतं. हे वेबवरच्या एडिटरमध्ये लिहिलेले दस्तऐवज. सिंक फोल्डरमध्ये त्यांचा मजकूर कधीच येत नाही, नुसता पत्ता येतो. कितीही सिंक केलं तरी तो पत्ताच राहणार. यात मॅडमनी स्वतः बांधलेली शुद्धलेखनाची टिपणं होती, त्यांच्या दृष्टीनं सगळ्या साठ्यातली सर्वांत मोलाची. नेट जोडून ती ब्राउझरमधून एकेक करून वर्डच्या रूपात उतरवली. खातं बंद झालं असतं तर या १ केबीच्या फाइल्स कुठेच घेऊन जाणाऱ्या उरल्या नसत्या, आणि तोपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

त्यानंतर सिंक फोल्डरमधून हवं ते बाहेरच्या साध्या फोल्डरमध्ये कॉपी केलं. कॉपी, मूव्ह नाही. सिंक चालू असताना फोल्डरबाहेर फाइल हलवणं म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीनं ती पुसणं. आणि या खात्यात सामायिक फोल्डर होते, ज्यांत इतर संपादकांचं चालू काम होतं. तिथून एखादा फोल्डर हलवला असता तर तो सगळ्यांच्याच संगणकांवरून नाहीसा झाला असता. त्या फोल्डरांना हातच लावला नाही. त्यातलं काय आपलं म्हणून नेता येईल हे मॅडमनी संस्थेला विचारून घेतलं. संस्थेच्या मालकीचे मसुदे तिथेच राहिले.

आता काढणं

इथून पुढचं काम सोपं होतं. आधी प्रोग्रामच्या सेटिंग्जमधून खात्याची जोडणी तोडली. जोडणी तुटली की फोल्डरमध्ये काहीही केलं तरी ते सर्व्हरवर जात नाही. वेबवर खात्याच्या उपकरणांच्या यादीतूनही हा संगणक काढला. मग घड्याळाशेजारच्या चिन्हावरून प्रोग्राम बंद केला, टास्क मॅनेजरमध्ये त्याचं काही चालू नाही हे पाहिलं, अनइन्स्टॉल केलं आणि संगणक रीस्टार्ट केला. रीस्टार्ट टाळू नये. अशा सॉफ्टवेअरचे काही भाग फाइल एक्सप्लोररच्या आत जाऊन बसलेले असतात आणि ते वापरात असेपर्यंत पुसता येत नाहीत. विंडोज ते पुढच्या सुरुवातीला पुसण्यासाठी नोंदवून ठेवतं.

उरलेली साफसफाई. काळी खिडकी उघडत होती ती टास्क शेड्यूलरमधल्या (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या भागातल्या) अपडेटच्या नोंदीमुळे, ती तिथून काढली. ॲपडेटामधले लोकल आणि रोमिंग, शिवाय प्रोग्रामडेटा, या तिन्ही ठिकाणचे त्या सॉफ्टवेअरच्या नावाचे फोल्डर काढले. नाव बदललेला जुना डेटाबेसही आता गेला. विंडोज पासवर्ड जपून ठेवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये लॉगिनची एक नोंद होती, तीही काढली.

डाव्या पट्टीतलं नाव मात्र याही वेळी गेलं नाही. ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं त्या कोठारात, असतं. आधी रजिस्ट्रीचा तो भाग एक्सपोर्ट करून ठेवला. मग चालू वापरकर्त्याच्या शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, डेस्कटॉप, नेमस्पेस अशा क्रमानं खाली गेलो. तिथे कंसातल्या लांबलचक आकड्या-अक्षरांच्या किल्ल्या दिसतात, वाचून काही कळत नाही. पण एकेकीवर क्लिक केलं की उजवीकडे 'डिफॉल्ट'पुढे सॉफ्टवेअरचं नाव येतं. नाव जुळलं तेवढी एकच किल्ली पुसली, एक्सप्लोरर पुन्हा सुरू केला, पट्टी स्वच्छ झाली.

रजिस्ट्रीतली दुसरी जागा फाइलच्या चिन्हावर उमटणाऱ्या छोट्या खुणांची. हिरवी बरोबरची खूण, निळे बाण वगैरे. विंडोज अशा खुणांपैकी वर्णानुक्रमानं पहिल्या १५ च वापरतं, आणि म्हणून काही सॉफ्टवेअर आपल्या नोंदीच्या नावाआधी मोकळ्या जागा सोडून यादीत वर सरकतात. काढलेल्या सॉफ्टवेअरच्या नोंदी राहिल्या तर दुसऱ्या कुणाच्या खुणा दिसेनाशा होतात. इथे अनइन्स्टॉलरनं त्या नीट काढल्या होत्या, पाहून पुढे गेलो. हे सगळं एका बटणात करून देतो म्हणणारे रजिस्ट्री क्लीनर मी वापरत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. दोन ओळी काढायच्या असताना शेकडो ओळींना हात घालणारं साधन नको.

वर्डमधल्या अलीकडच्या फाइल्सच्या यादीत जुने पत्ते राहिले होते. ते काढले, नाहीतर त्यांवर क्लिक करून 'फाइल सापडत नाही' पाहिल्यावर परत घाबरायला झालं असतं.

मॅकवर ॲप कचऱ्यात ओढलं की काम झालं असं वाटतं. तिथेही आधी खात्यातून साइन आउट करावं, मग होममधल्या लायब्ररीत क्लाउडस्टोरेज हा फोल्डर आणि सेटिंग्जमधली लॉगिन आयटम्सची यादी पाहावी. क्रम तोच.

माझं या बाबतीत स्पष्ट मत आहे. अनइन्स्टॉल दाबल्यावर 'तुमच्या इतक्या फाइल्सचा मजकूर या संगणकावर नाही, आधी उतरवू का' हा प्रश्न सॉफ्टवेअरनं स्वतःहून विचारायला हवा. ती माहिती त्याच्याकडे असतेच. 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' यांतला फरक त्यानंच तर निर्माण केलेला असतो. इन्स्टॉल करताना इतके प्रश्न विचारणाऱ्यानं जाताना एक विचारावा.

आता एक काम उरलं होतं. खातं बंद झाल्यावर हे सगळं एकाच हार्ड डिस्कवर राहणार होतं, आणि सिंकमुळे आपोआप असलेली दुसरी जागा संपणार होती. मॅडमकडे वापरात नसलेली एक बाह्य डिस्क होती. तिच्यावर पूर्ण प्रत काढली, दोन्हीकडच्या फाइल्सची संख्या आणि एकूण बाइट्स जुळवून पाहिले, निवडक फाइल्सचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले बोटांच्या ठशांसारखे आकडे, पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅश कमांडनं ताडून पाहिले. दर आठवड्याला नवं-बदललेलं तेवढंच तिच्यावर उतरवणारी रोबोकॉपीची एक छोटी बॅच फाइल (डबल क्लिक केलं की आतल्या कमांड चालवणारी फाइल) डेस्कटॉपवर ठेवून दिली. तिच्यात 'मिरर' हा पर्याय मुद्दाम घातला नाही, कारण तो इथे पुसलेलं तिथेही पुसतो. नाव बदललेला जुना सिंक फोल्डर खातं प्रत्यक्ष बंद होईपर्यंत 'सी'वर तसाच ठेवला होता. त्यानंतर त्यातलं काही लागलं नाही, तेव्हा मॅडमनी तो स्वतःच्या हातानं डिलीट केला.